कलिमा शहादत इंग्रजीत लिहिताना: उच्चार कसा, अर्थ कसा?

अनुवादघर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इस्लामची ओळख करून देणाऱ्या एका छोट्या पुस्तिकेचं इंग्रजी रूप करायचं काम माझ्याकडे आलं आहे. वाचक दोन तऱ्हेचे आहेत. काही इस्लाममध्ये नव्याने आलेले, काही नुसतं जाणून घ्यावं म्हणून वाचणारे. अरबी कोणालाच येत नाही. बाकीची पानं बऱ्यापैकी सरळ आहेत. पहिल्याच पानावर कलिमा शहादत आहे आणि मी तिथेच अडले आहे.

ज्या वाक्याने माणूस इस्लाममध्ये येतो, जे अजानमध्ये दिवसातून पाच वेळा पुकारलं जातं, आणि जाताना शेवटचं ओठांवर असावं अशी ज्याची आस धरली जाते, ते वाक्य ‘चालून जाईल’ म्हणून लिहून टाकणं मला जमणार नाही.

माझ्याकडे देवनागरीत ते असं आलं आहे:

अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह, व अश्हदु अन्न मुहम्मदर्रसूलुल्लाह.

आणि त्याखाली मराठी अर्थ: मी साक्ष देतो, की अल्लाहखेरीज कोणीही उपास्य नाही, आणि मी साक्ष देतो, की मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत.

आता रोमन अक्षरांत हे कसं लिहायचं? जितकी पुस्तकं उघडली तितकी रूपं मिळाली. कोणी ‘अन ला’ असं तोडून लिहितं, कोणी ‘अल्ला’ असं जोडून. कोणी ‘इल्ला अल्लाह’, कोणी ‘इल्लल्लाह’. कुठे अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं, तर कुठे एकही खूण नाही. यातलं बरोबर कोणतं आणि कोणासाठी बरोबर?

अर्थाचंही तसंच. ‘देअर इज नो गॉड बट गॉड’, ‘नो गॉड बट अल्लाह’, ‘नो डेइटी वर्दी ऑफ वर्शिप एक्सेप्ट अल्लाह’. तिन्ही छापील पुस्तकांत आहेत आणि तिन्हींचा अर्थ मला सारखा वाटत नाही. पुस्तिका काढणाऱ्यांनी निवड माझ्यावर सोडली आहे, म्हणून जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती. घाई नाही.

कातिब

ताई, चांगला विषय काढलात. मी अरबी सुलेखन शिकवतो, त्यामुळे या ओळीशी रोजचा संबंध आहे. आधी उच्चाराचं बोलतो, अर्थावर इतर लोक लिहितीलच.

तुम्हाला जी वेगवेगळी रूपं दिसली ती दोन वेगळ्या कामांसाठी केलेली आहेत. एक म्हणजे लिप्यंतर: मूळ लिपीतल्या प्रत्येक अक्षराला रोमनमध्ये एक ठरलेलं अक्षर द्यायचं, म्हणजे जाणकाराला उलट जाऊन मूळ अरबी जसंच्या तसं उभं करता येतं. दुसरं उच्चारलेखन: कानाला जे ऐकू येतं ते लिहायचं. अरबीत या दोन्हींत बरंच अंतर पडतं आणि शहादतमध्ये ते लागोपाठ दिसतं.

कागदावर ‘अन्’ आणि ‘ला’ हे दोन सुटे शब्द आहेत. म्हणताना त्यातला नून, म्हणजे ‘न’, पुढच्या लाममध्ये, म्हणजे ‘ल’मध्ये, मिसळून जातो आणि ‘अल्ला’ ऐकू येतं. तजवीदमध्ये, म्हणजे कुरआन पठणाच्या उच्चारशास्त्रात, याला इदगाम म्हणतात. पुढे ‘मुहम्मदन्’ आणि ‘रसूल’ यांच्यात तोच नियम लागतो: नून ‘र’मध्ये विरतो आणि ‘मुहम्मदर्रसूल’ होतं. म्हणजे तोडून लिहिणारे लिपीशी प्रामाणिक आहेत, जोडून लिहिणारे कानाशी. ‘इल्ला’ आणि ‘अल्लाह’चंही तसंच. ‘अल्लाह’चा पहिला अलिफ, म्हणजे आरंभीचा ‘अ’, जोडून म्हणताना गळतो, ‘इल्ला’चा शेवटचा ‘आ’ आखडतो, आणि राहतं ‘इल्लल्लाह’.

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत, जर्मनीचं डीआयएन ३१६३५ हे १९८२ चं प्रमाण, आयएसओ २३३ हे १९८४ चं, ही सगळी ग्रंथालयं आणि अभ्यासक यांच्यासाठी आहेत. संगणकासाठी बकवॉल्टरची पद्धत आहे. तिच्यात ‘इलाह’च्या आरंभीच्या हम्झ्यासाठी, म्हणजे घशात क्षणभर अडणाऱ्या आवाजाच्या खुणेसाठी, गणितातलं ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह येतं. यंत्राला ते अचूक कळतं. नव्याने शहादत म्हणायला बसलेल्या माणसापुढे ते ठेवणं म्हणजे त्याला वाटेतच अडवणं.

तुमच्या वाचकाला म्हणायचं आहे. त्याला उच्चारलेखन द्या. पण दोन गोष्टी सोडू नका.

पहिली, दीर्घ ‘आ’. ‘ला’ म्हणजे ‘नाही’. तोच र्‍हस्व ‘ल’ झाला तर अरबीत ते ‘खरोखर’, ‘खचित’ अशा अर्थाचं जोर देणारं अक्षर होतं. वाक्याचा पहिला नकारच डळमळतो. बिनखुणेच्या रोमनमध्ये ‘एल-ए’ एवढंच लिहिलं की इंग्रजी वाचणारा ते आखूडच म्हणतो. डोक्यावर रेघ द्या, नाहीतर ‘ए’ दोनदा लिहा.

दुसरी, ‘अश्हदु’मधला ‘श्’ आणि ‘ह’. देवनागरीत ते लख्ख दिसतात. रोमनमध्ये ‘एस-एच-एच’ असे तीन एकामागोमाग येतात आणि वाचणारा दुसरा ‘ह’ गिळून ‘अशदु’ म्हणतो. मधे एक जोडरेघ टाकली की प्रश्न मिटतो. डीआयएनमध्ये ‘श’साठी टोपीवालं एकच अक्षर असल्याने तिथे ही अडचण येतच नाही, पण ते अक्षर ओळखणार कोण?

नवखा७

वाचतोय. एक बाळबोध शंका. ‘नो गॉड बट गॉड’मध्ये ‘बट’ का? आम्ही शाळेत ‘बट म्हणजे पण’ असं शिकलो. ‘देव नाही, पण देव’ असं काहीतरी विचित्र डोक्यात येतं.

व्याकरणप्रेमी

नवखा७, शंका अजिबात बाळबोध नाही. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या जगभरच्या वाचकांना तिथे ठेच लागते. इथला ‘बट’ म्हणजे आपला ‘वाचून’ किंवा ‘खेरीज’. जुन्या इंग्रजीत तो सर्रास येतो. पिकथॉलने कुरआनच्या १९३० च्या इंग्रजी भाषांतरात ‘सेव्ह’ वापरला, तोही त्याच अर्थाचा, आणि आजच्या वाचकाला तो ‘वाचवणे’ वाटतो. म्हणून नव्या वाचकासाठी ‘एक्सेप्ट’ बरा.

आता मुख्य मुद्दा. धागाकर्तीला तिन्ही भाषांतरांचा अर्थ वेगळा वाटला, आणि तो वेगळा आहेच. त्याचं मूळ अरबी व्याकरणात आहे.

‘ला इलाह’मधला ‘ला’ साधा नकार नाही. वैयाकरण त्याला अख्ख्या जातीचा नकार करणारा ‘ला’ म्हणतात. त्याच्यापुढचं नाम ‘इलाह’ असं ‘अ’वर संपतं आणि त्या जातीतलं एकही शिल्लक राहत नाही. ‘इलाह नावाचं काहीही नाही’ इतका तो सरसकट आहे. मग ‘इल्ला’ येतो आणि एकालाच बाजूला काढतो.

पण ‘नाही’ म्हणजे काय नाही? विधेय गाळलेलं आहे. अरबीत अशा वाक्यात ते गाळलं जातं आणि ऐकणारा मनात भरतो. इथे काय भरायचं यावर वैयाकरण आणि धर्मशास्त्री यांच्यात जुनी चर्चा आहे. काहींनी ‘मौजूद’ म्हणजे ‘अस्तित्वात’ भरलं. बऱ्याच जणांनी ‘बि-हक्क’ म्हणजे ‘खऱ्या हक्काचा’ भरलं. म्हणजे: हक्काचा इलाह कोणी नाही, अल्लाहखेरीज.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. कुरआन ज्यांच्याशी बोलतं ते मक्केचे लोक अल्लाहला निर्माता मानत होतेच. आकाश आणि पृथ्वी कोणी केली असं विचारलं तर ते ‘अल्लाहने’ म्हणतील, हे ३१:२५ आणि ३९:३८ (आधी सूरा, मग आयत) या दोन्ही ठिकाणी येतं. त्यांची तक्रार ३८:५ मध्ये आहे: याने सगळ्या देवांचा एकच देव केला की काय? त्यांचे इतर देव तर समोर होते, त्यांची पूजा चालू होती. मग नाकारलं काय जातंय? त्यांचा पूजेचा हक्क. २२:६२ मध्ये अल्लाहला ‘हक्क’ म्हणजे सत्य म्हटलं आहे आणि त्याच्याऐवजी ज्यांना हाक मारतात त्यांना मिथ्या. ‘बि-हक्क’ भरणारे तिथूनच आधार घेतात.

म्हणून मुहम्मद मुहसिन खान आणि तकीउद्दीन हिलाली यांच्या कुरआनच्या इंग्रजी भाषांतरात ‘नन हॅज द राइट टू बी वर्शिप्ड बट अल्लाह’ असं लांब वाक्य येतं. त्यांनी गाळलेलं विधेय उघड लिहिलं. आर्बेरीने १९५५ मध्ये ‘नो गॉड बट गॉड’ एवढ्यावर थांबून मूळचा नाद राखला आणि विधेय पोकळच ठेवलं. मुहम्मद असद यांनी १९८० मध्ये ‘नो डेइटी सेव्ह गॉड’ असा मधला रस्ता काढला.

माझं मत सांगायचं तर, ‘इलाह’ या शब्दाची घडणच ‘ज्याची उपासना होते तो’ अशी समजावून सांगतात. ‘किताब’ म्हणजे लिहिलेलं, तसं ‘इलाह’ म्हणजे पूजलेला. तुमच्या मराठी ओळीतला ‘उपास्य’ हा शब्द नेमका तेवढा भार उचलतो. इंग्रजीत तसा एक सुटसुटीत शब्द नाही, म्हणून ‘वर्दी ऑफ वर्शिप’ची शेपटी लावावी लागते.

सहर

व्याकरणप्रेमी, फार छान उलगडून सांगितलंत. मी लहानपणापासून कलिमा म्हणते आहे, पण ‘ला’च्या मागचं हे सगळं कोणी असं समजावलं नव्हतं.

मला ‘गॉड’ की ‘अल्लाह’ यावर लिहायचं आहे. ‘नो गॉड बट गॉड’ कागदावर चालतं ते एकाच कारणाने: पहिला ‘जी’ लहान, दुसरा मोठा. आता डोळे मिटून ऐका. दोन्ही सारखे! सगळा फरक छापखान्याच्या एका सोयीवर उभा आहे, आणि अरबीत लहान-मोठी अक्षरं मुळात नाहीतच. अरबीत तो फरक शब्दातच आहे. ‘इलाह’चं अनेकवचन ‘आलिहा’ होतं, ‘अल्लाह’चं होत नाही. कलिमा ही तोंडाने म्हणायची, कानाने ऐकायची गोष्ट आहे. तिचं भाषांतरही ऐकून कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं मला कळतं. ‘अल्लाह’ तसंच ठेवलं की परका वाचक समजतो, मुसलमानांचा हा कोणी वेगळा देव. तो गैरसमज आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती आपल्या बायबलमध्ये ‘अल्लाह’च वाचतात, आणि माल्टाचे कॅथलिक देवाला ‘आल्ला’ म्हणतात. युसुफ अलींच्या १९३० च्या दशकातल्या मूळ भाषांतरात ‘गॉड’ होतं, नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत ते बदलून ‘अल्लाह’ केलं गेलं. दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि दोन्हींना कारणं आहेत.

पण शहादतसाठी मी ‘अल्लाह’च ठेवीन. ही साक्ष आहे, आणि साक्षीत नाव घेतात. ज्याला गैरसमज होईल असं वाटतं त्याच्यासाठी खाली एक ओळ टीप लिहा, की हे ‘गॉड’साठीचं अरबी नाव आहे, अरबी ख्रिस्तीही तेच वापरतात. टीप लिहायला दोन मिनिटं लागतात, पण नाव काढून टाकलं की ते वाचकाला परत मिळत नाही.

जुनीनाणी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. कलिमा इंग्लंडात पोचला तो भाषांतर होऊन नव्हे, नक्कल होऊन.

ब्रिटिश म्युझियममध्ये मर्सिया या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा याचं एक सोन्याचं नाणं आहे. ऑफाचं राज्य ७५७ ते ७९६. नाण्यावर अरबीत ‘ला इलाह इल्लल्लाह’ आहे, ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ आहे, आणि मधोमध रोमन लिपीत ‘ऑफा रेक्स’. खलिफा मन्सूरच्या हिजरी १५७ च्या, म्हणजे इसवी ७७३-७४ च्या दिनारवरून ते उतरवलं आहे. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नव्हतं हे उघड दिसतं: अक्षरं जागोजाग बिघडली आहेत, आणि अरबी सरळ धरलं की राजाचं नाव उलटं येतं. त्याने अक्षरांकडे नक्षी म्हणून पाहिलं. दिनारला व्यापारात मान होता, त्यामुळे तशी नाणी पाडली गेली असं अभ्यासक मानतात.

मूळ परंपरेत नाण्यांवर हा मजकूर ठळकपणे आणला तो खलिफा अब्दुल मलिकने, हिजरी ७७ च्या सुधारित दिनारांवर. चित्रं काढून टाकली आणि फक्त अक्षरं ठेवली. त्याच्याच काळात, हिजरी ७२ च्या सुमारास, जेरुसलेममधल्या ‘डोम ऑफ द रॉक’ या घुमटाच्या आतल्या लेखातही हे शब्द आले आणि त्यांना जोडून ‘वह्दहू ला शरीक लहू’, म्हणजे तो एकटा, त्याला भागीदार नाही.

अनुवादघर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाण्याचं वाचून अंगावर काटा आला. अर्थ न कळता उतरवलेली अक्षरं बाराशे वर्षांहून जास्त टिकली!

आता दुसऱ्या अर्ध्याबद्दल. ‘प्रेषित’साठी मी ‘प्रॉफेट’ लिहायला निघाले होते, कारण कोशात तेच मिळतं. पण बहुतेक इंग्रजी पुस्तकांत ‘मेसेंजर’ आहे आणि जुन्यांत ‘अपॉसल’. फरक किती धरायचा?

व्याकरणप्रेमी

पूर्ण धरायचा. ‘प्रॉफेट’ हा ‘नबी’साठी. शहादतमध्ये शब्द ‘रसूल’ आहे. तो ‘पाठवणे’ या धातूवरून आला, आणि आपला ‘प्रेषित’ हा शब्दही अक्षरशः ‘पाठवलेला’. ‘पैगंबर’ही फारसीत पैगाम वाहणारा. म्हणजे मराठीत आपल्याकडे दोन्ही शब्द ‘रसूल’च्या बाजूचे आहेत, आणि मराठीवरून इंग्रजीत जातानाच ते ‘प्रॉफेट’कडे घसरतात. तुमच्या मराठी मजकुरावर विसंबू नका, अरबीवरून इंग्रजीत या.

‘अपॉसल’ व्युत्पत्तीने अगदी चपखल आहे. ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ ‘पाठवलेला’ असाच. पण इंग्रजीत तो शब्द येशूच्या शिष्यांना चिकटला आहे, त्यामुळे सेल, रॉडवेल या कुरआनच्या जुन्या इंग्रजी भाषांतरकारांच्या काळी चाललं तरी आज वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहील. ‘मेसेंजर’च घ्या.

क्रियापदाबद्दलही एक सांगतो. ‘अश्हदु’साठी काही जण ‘आय बिलीव्ह’ लिहितात. ते कमी पडतं. श्रद्धा मनात असते, साक्ष लोकांसमोर द्यावी लागते. ‘आय टेस्टिफाय’ किंवा ‘आय बेअर विटनेस’ हवं. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार आणि ‘शहीद’ म्हणजे प्राण देणारा, दोन्ही याच धातूचे. ग्रीकमध्येही साक्षीदारासाठीचा शब्दच पुढे इंग्रजी ‘मार्टर’ झाला. इंग्रजीची एक सोयही बघा: मराठीत ‘देतो’ की ‘देते’ ठरवावं लागतं. अरबीत ‘अश्हदु’ स्त्री-पुरुष दोघांना एकच, आणि इंग्रजीतही तसंच.

उच्चाराच्या ओळीत ‘रसूलु’चा ‘उ’ मात्र जपा. व्याकरणाच्या जुन्या गोष्टींत एक किस्सा येतो. एका मुअज्जिनाने, म्हणजे अजान देणाऱ्याने, अजानमध्ये ‘रसूलु’ऐवजी ‘रसूल’ असा ‘अ’ लावला. एका बदूने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, ते ऐकलं आणि विचारलं, ‘बरं, मग ते काय करतात?’ कारण ‘अ’ लावल्यावर वाक्य ‘अल्लाहचे रसूल मुहम्मद हे...’ एवढ्यावरच लटकतं, विधेय येतच नाही. एका स्वरात ‘आहेत’ दडलेलं आहे.

टंकयंत्र

मी पुस्तकं जुळवतो, तेव्हा छपाईचं सांगून ठेवतो. अरबी ओळ छापणार असाल तर अंतिम पीडीएफ अरबी वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय छापखान्यात पाठवू नका. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची सोय चालू नसेल तर बरेच डिझाइन प्रोग्राम अक्षरं सुटी पाडतात आणि वर क्रमही उलटवतात. ‘मुहम्मद’चे मीम, हा, मीम, दाल हात सोडून वेगवेगळे उभे राहतात. अरबी न येणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, त्याला ते सुंदरच दिसतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, त्याशिवाय अक्षरं जुळत नाहीत.

इंग्रजी वाक्याच्या पोटात अरबी शब्द घातला तर पूर्णविराम भलत्या टोकाला उडी मारतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे अरबीला स्वतंत्र ओळ देणं.

टिंबंवाली रोमन अक्षरं वापरणार असाल तर फाँटमध्ये ती आहेत का ते आधी तपासा. नसतील तर प्रोग्राम दुसऱ्याच फाँटमधून उसनी आणतो आणि शब्दाच्या मधे एखादं अक्षर जाडं दिसतं.

नवखा७

कातिबभाई, एक राहिलं. ‘मुहम्मद’मधला ‘ह’ आणि ‘अल्लाह’मधला ‘ह’ एकच का?

कातिब

नाही, आणि विचारलंत ते बरं झालं. ‘मुहम्मद’मधला हा घशाच्या मधून घासून येतो, काचेवर वाफ सोडताना येतो तसा. ‘अल्लाह’, ‘इलाह’ आणि ‘अश्हदु’ यांतला हलका, तळातून येणारा. अभ्यासकांच्या रोमनमध्ये पहिल्याखाली टिंब देतात. देवनागरीत दोन्हींना आपण ‘ह’च लिहितो. पुस्तिकेत टिंब देण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड द्यावा असं मला वाटतं, कारण हा आवाज कागदावरून शिकता येत नाही.

‘अल्लाह’मधला ‘ल’ही तसाच. आधी ‘अ’ किंवा ‘उ’ असेल तर तो जड, भरीव होतो. ‘बिस्मिल्लाह’मध्ये आधी ‘इ’ असल्याने हलका. शहादतमध्ये दोन्ही ठिकाणी जड. कोणतंही लिप्यंतर हे दाखवत नाही.

देवनागरीचा भरवसाही पुरता धरू नका. ‘इलाह’ असं लिहिलं की मराठी माणूस शेवटचा ‘अ’ खातो आणि ‘इलाह्’ म्हणतो. मूळ उच्चारात तो ‘अ’ आहे. रोमनमध्ये शेवटी ‘ए’ आल्याने तो निदान दिसतो तरी.

सुलेखन करणाऱ्यांना या ओळीची एक गोष्ट फार प्रिय आहे. ‘ला इलाह इल्लल्लाह’मध्ये अरबीची फक्त तीन अक्षरं आहेत: अलिफ, लाम आणि हा. मोजली तर एकूण बारा. ‘मुहम्मद रसूलुल्लाह’मध्येही बाराच. आणि दोन्हींत एकाही अक्षरावर नुक्ता, म्हणजे टिंब, नाही. उभ्या अलिफ-लामांची रांग लागते, म्हणून ती दगडात, कापडावर, कुठेही इतकी भरदार उठते. पहिला अर्धा म्हणताना ओठ एकमेकांना लागतही नाहीत, म्हणून शेवटच्या क्षणी क्षीण झालेल्या माणसालाही तो म्हणता येतो, असं आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं.

सहर

ताई, मजकुराच्या रूपांबद्दल एक. वाचकाला इतरत्र थोडे वेगळे शब्द सापडतील, त्याने गोंधळू नये. ‘अश्हदु’ नसलेला ‘ला इलाह इल्लल्लाह मुहम्मदुर्रसूलुल्लाह’ हा कलिमा तय्यिबा. इथे ‘अन्न’ नाही म्हणून ‘मुहम्मदर्’चं ‘मुहम्मदुर्’ होतं, ती छापण्यातली चूक नाही. नमाजमध्ये बसून म्हणायच्या तशह्हुदमध्ये शेवट ‘अब्दुहू व रसूलुहू’ असा आहे, म्हणजे त्याचा दास आणि त्याचा रसूल. शिया परंपरेत हजरत अलींच्या विलायतचं, म्हणजे त्यांच्या धार्मिक अधिकाराचं, वाक्य जोडून म्हटलं जातं. कुरआनात दोन्ही अर्धे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत: पहिला ३७:३५ आणि ४७:१९ मध्ये, दुसरा ४८:२९ मध्ये.

दरूद, म्हणजे नावापुढचं ‘त्यांच्यावर शांती असो’, हे शहादतच्या शब्दांत नाही. ते अर्थाच्या ओळीत कंसात घातलं तर नवीन माणूस तेही शहादतचाच भाग समजून म्हणतो. त्याला खाली टिपेत जागा द्या.

आणि तुमच्या नव्या वाचकाला धीर द्या. अरबी जिभेवर बसत नसेल तर आपल्या भाषेत साक्ष दिली तरी ती धरली जाते असं बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, सांगतात. अरबी नंतर सावकाश येतं. घाबरून शब्द अडखळले म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

अनुवादघर

सहर, हे शेवटचं मी पुस्तिकेत नक्की घेणार.

सगळं वाचून पान असं लावलं आहे. वर अरबी, स्वतंत्र ओळीत, पूर्ण स्वरचिन्हांसह. त्याखाली रोमन उच्चार, ऐकू येतो तसा जोडून. दीर्घ स्वराला ‘ए’ दोनदा, ‘अश्’ आणि ‘हदु’ यांच्यात जोडरेघ, टिंबं नाहीत. शेजारी क्यूआर कोड. त्याखाली अर्थ:

‘आय बेअर विटनेस दॅट देअर इज नो डेइटी वर्दी ऑफ वर्शिप एक्सेप्ट अल्लाह, अँड आय बेअर विटनेस दॅट मुहम्मद इज द मेसेंजर ऑफ अल्लाह.’

‘वर्दी ऑफ वर्शिप’ मी कंसात टाकलेलं नाही. कंस पाहिला की वाचक ते भाषांतरकाराने पदरचं घातलेलं समजतो, आणि व्याकरणप्रेमींनी दाखवल्याप्रमाणे ते मूळ वाक्यातच आहे, फक्त उच्चारलेलं नाही. नाद जातो, हे मान्य. तो वरच्या दोन ओळींत आहे, तिथे वाचकाला तो मिळेल. टिपा तीनच: ‘अल्लाह’ या नावाबद्दल, दरूदबद्दल, आणि इतरत्र ‘नो गॉड बट गॉड’ दिसलं तर ते याच वाक्याचं दुसरं भाषांतर आहे याबद्दल.

काही खटकत असेल तर आत्ताच सांगा.

व्याकरणप्रेमी

कंस न टाकण्याबद्दल पूर्ण सहमत. पण पानावर कुठेतरी ‘हा अर्थ आहे, शब्दाला शब्द नव्हे’ असं लिहाच. नाहीतर कोणीतरी अरबीचे चार शब्द मोजेल आणि इंग्रजीत इतके कुठून आले म्हणून विचारेल.

कातिब

मांडणी आवडली. एकच बदल सुचवतो. पहिल्या अर्ध्यानंतर रोमनमध्ये स्वल्पविराम आहे, म्हणजे वाचणारा तिथे थांबणार. थांबला तर ‘इल्लल्लाह’, न थांबता पुढे गेला तर ‘इल्लल्लाहु व अश्हदु’. नवीन माणूस श्वास घ्यायला थांबतोच, तेव्हा ‘इल्लल्लाह’च ठेवा. स्वल्पविरामाऐवजी दोन अर्धे दोन ओळींत तोडा, म्हणजे कुठे थांबायचं ते सांगावं लागणार नाही.

अनुवादघर

दोन ओळींत तोडलं, व्याकरणप्रेमींची ओळही अर्थाखाली घातली. अरबी तपासायला पीडीएफ निरोपातून पाठवते आहे, कातिबभाई. स्वरचिन्हांवर खास नजर टाका, ‘रसूलु’च्या ‘उ’वर विशेषतः.